बोरिंगचा पांढरा भात

आमच्या गावात बोरिंग आली त्या दिवशी मी मूल या तालुक्याच्या गावी राईस मिलमध्ये कामावर होतो. विशी नुकतीच ओलांडली होती. दुपारी कोणीतरी मिलच्या दारातून ओरडलं, ‘‘अबे, तुमच्या गावाकडं मशीनची गाडी गेली!’’ मी मालकाला न विचारता सायकल काढली आणि चढावरसुद्धा खाली उतरलो नाही.

गावात पोचलो तर गाडीभोवती अख्खं गाव. लोखंडी दांडा जमिनीत घुसत होता, कानठळ्या बसत होत्या, पांढऱ्या भुकटीने माणसं ओळखू येत नव्हती. म्हाताऱ्या पदर नाकाला लावून उभ्या होत्या, पण जागची हलत कोणी नव्हती. आणि एकदम जमिनीतून पाण्याचा फवारा उसळला, पार शेजारच्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत. लोक भिजले, ओरडले, नाचले. मीही नाचलो. त्या चिखलात कोण गावातला आणि कोण आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला हे तेवढ्या वेळापुरतं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढे तिथे ओटा झाला, हातपंप बसला. जागा आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी होती. आता पाण्याची ददात मिटली असं मला वाटलं. पण महिन्याभरात सगळा उत्साह ओसरला, आणि त्याचं कारण भात.

आमच्याकडे जेवण म्हणजे भात. तांदूळ किती पांढरा, शीत किती मोकळं, यावर घराची पत ठरते. बोरिंगचं पाणी काढताना स्वच्छ दिसायचं, पण थोडा वेळ ठेवलं की तांबूस व्हायचं आणि वर तेलासारखी साय धरायचं. त्या पाण्यात भात शिजवला की हळद न घालता पिवळा. चहा काळा, डाळ टणक, पांढरं धोतर दोन धुण्यांत मातकट. पाहुण्याच्या ताटात असा भात वाढणं म्हणजे नाक कापून घेणं. त्यामुळे बोरिंगवर लोक बैल धुवायचे, हातपाय धुवायचे, आणि प्यायला-रांधायला पुन्हा बोडीकाठच्या विहिरीवर जायचे.

बोडी म्हणजे आमचं छोटं तळं. तिच्या मातीच्या पाळीला लागूनच ती विहीर. पाणी गोड, डाळ लोण्यासारखी शिजायची, भात मोगऱ्यासारखा. पहाटे गाव लोटा घेऊन त्याच पाळीवर बसायचं, म्हशी बोडीत डुंबायच्या, पावसात पाळीवरचं सगळं वाहून विहिरीच्या कडेशी यायचं. हे सगळ्यांना रोज दिसत होतं. मलाही दिसत होतं.

त्या विहिरीशी आमच्या घराचं आणखी एक नातं होतं. पूर्वी आमच्या मोहल्ल्याला तिथे पाणी भरू देत नसत. माझ्या जन्माआधी माझ्या बापाने आणि आणखी काही जणांनी तिथे दोर टाकला, मार खाल्ला, पुन्हा दोर टाकला. शेवटी भरू लागले. बापाच्या कपाळावर त्याची खूण होती. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी ती खूण बोटाने चाचपायचो. मी शाळेत असतानाच ते वारले.

बोरिंग आल्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, गावात कावीळ आली. आधी एका घरात, मग गल्लीत, मग दोन्हीकडे. ताप यायचा, अन्न नको वाटायचं, डोळे हळदीसारखे व्हायचे. कोणी मंतरलेली माळ गळ्यात घालायचा, कोणी झाडपाला पिळून प्यायचा. असंच एकदा संध्याकाळी आम्ही पोरं पानठेल्यावर उभी होतो. एकाने विचारलं, ‘‘काऊन होत असन गा ही कावीळ?’’

मी पानाला चुना लावत म्हणालो, ‘‘बोरिंगनं भात पिवळा होते, धोतर पिवळं होते. मंग मानूस काऊन नाई होनार?’’

सगळे हसले. एकाला तर ठसका लागला. मला फार बरं वाटलं, कारण मी विनोद केला की सहसा कोणी हसत नसे.

दुसऱ्या दिवशी मिलमधून घरी आलो तर माझंच वाक्य मायने मला बातमी म्हणून सांगितलं. ‘‘आयकलं काय रे? बोरिंगच्या पान्यानं कावीळ होते म्हनते. मिलात काम करनारा कोनी सांगत होता.’’

‘‘माय, तो मिलातला मीच होय.’’

‘‘मंग खरंच असन,’’ माय म्हणाली. ‘‘तू रोज तांदूळ पाह्यते.’’

मी मस्करी केली होती, असं मी पन्नास जणांना सांगितलं असेल. ‘‘आता भेऊन बोलून राह्यला,’’ लोक म्हणायचे. कावीळ का होते याचं उत्तर लोकांना हवंच होतं, आणि हे उत्तर डोळ्यांना दिसत होतं. पिवळ्यातून पिवळं. आठवडा सरायच्या आत कोणीतरी बोरिंगच्या दांड्याला बाभळीच्या फांद्या बांधल्या. तोवर मोहल्ल्यातली जी चार घरं बोरिंगचं पाणी पीत होती, तीही विहिरीकडे वळली.

त्याच सुमारास गावातल्या एका घरची सून गेली. पोटुशी होती. डोळे पिवळे झाले आणि फार झपाट्याने बिघडलं. बैलबंडीतून मूलला नेली, तिथून जीपने चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात. परत आली ती झाकलेली. मी त्या दिवशी मिलमध्ये चाळणीसमोर उभा होतो आणि माझे हात चालत नव्हते. बोरिंगवर काटे माझ्या बोलण्याने चढले होते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग पौषात माझी मोठी बहीण बाळंतपणासाठी घरी आली. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. पहिली खेप, सातवा महिना लागलेला. बंडीतून उतरताच तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘काय गा, असा काऊन दिसते? पोट मले आलं आन तोंड तुहं उतरलं?’’

तिला मायने पहिला पेला दिला तो विहिरीच्या पाण्याचा. ती घटाघटा प्याली. मी बघत राहिलो.

दोनच दिवसांनी नर्सबाई आल्या. नेमून दिलेल्या गावांना त्या सायकलने फिरायच्या. त्यांनी बाईची तपासणी केली आणि मायला बजावलं, ‘‘पहिलटकरीण आहे. गावात कावीळ आहे. एरवी माणूस महिन्याभरात उठून बसतो, पण गरोदर बाईला ही कावीळ झाली तर दोन्ही जीव जाऊ शकतात. पाण्याची काळजी घ्या.’’

‘‘बिनघोर राहा, बाई,’’ माय म्हणाली. ‘‘बोरिंगचा एक थेंब नाई पाजत मी तिले.’’

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. ‘‘अहो, उलटं! बोरिंगचंच पाजा. ते खोलातलं आहे, त्यात घाण जात नाही. विहिरीचं पाजायचं तर उकळून गार करून पाजा.’’

मायने मान हलवली. ती मान हलवणं मला ठाऊक होतं. दोन दिवस तिने पाणी उकळलं. धानाच्या चुरणीचे, म्हणजे मळणीचे दिवस, माणसं खळ्यावर, चुलीवरचं पाणी धुराने वास मारायचं. बाई एक घोट घेऊन पेला खाली ठेवायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीचा गुंड माजघरात आला. आमच्याकडे पाण्याच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात.

मी बाईच्या मागे लागलो. ‘‘बोरिंगचं पी नं तू.’’

‘‘वास येते त्याले. लोखंड चाटल्यावानी लागते.’’

‘‘नाक दाबून पी.’’

‘‘आन पोटातलं पिवळं निंघालं तं? तूच म्हनला होता म्हने.’’

‘‘मस्करी होती ती!’’

‘‘बरं हाये बाप्पा तुही मस्करी. साऱ्या गावानं आयकली, आन आता तुलेच हसू येत नाई.’’ ती हसली, पण पोटावर हात ठेवून. तिलाही भीती वाटत होती. कोणत्या पाण्याला भ्यायचं एवढंच तिला कळत नव्हतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. रोज सकाळी मिलला निघण्याआधी मी बाईला उजेडात उभी करायचो. ‘‘डोळे दाखव.’’ ती खालची पापणी ओढून दाखवायची, वर बुबुळं फिरवून मला भेडसावायची. पांढरे असले की मी सायकलवर टांग मारायचो. दिवसभर मिलमध्ये पांढरा तांदूळ पडताना पाहायचो आणि मला तिचे डोळे दिसायचे.

अशात गावचा पट जवळ आला. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. थंडीत धान घरात आलं की आमच्या भागात गावोगाव पट भरतात. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, रात्री वडस्याकडची नाटक कंपनी. आमच्याकडे बाईचे सासरे आणि आमचे जावई, म्हणजे तिचा नवरा, येणार होते. मायने चिन्नोर तांदूळ वेगळा काढून ठेवला होता. तो शिजला की गल्लीत वास पसरतो.

आदल्या दिवशी मी सुट्टी घेऊन गोठा साफ करत होतो. पाहुण्यांचे बैल बांधायचे होते. कोपऱ्यात एक जुना रांजण फळीने झाकलेला. जनावरांसाठी म्हणून बोरिंगचं पाणी त्यात पूर्वी भरून ठेवलं होतं. काटे बांधल्यावर त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. ओतून द्यावं म्हणून मी फळी काढली आणि तसाच थांबलो.

पाणी काचेसारखं होतं. गोठ्याच्या छपराचं भोक, त्यातून दिसणारं आभाळ, माझं तोंड, सगळं त्यात स्वच्छ. ना साय, ना तांबूस रंग. मी हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळाशी बोटं फिरवली. लाल ढग उठला. बोटांवर विटेसारखा गाळ. अगदी विळ्यावर पावसाळ्यात गंज चढतो तसा.

म्हणजे पिवळं करणारं जे काही होतं, ते खाली बसलं होतं!

मी ओरडलो असणार, कारण बाई पोट सावरत गोठ्यात आली. ‘‘काय झालं? साप हाये काय?’’

‘‘पाह्य. पाह्य हे. बोरिंगचं होय.’’

तिने वाकून पाहिलं, मग माझा लाल हात पाहिला. ‘‘खोटं बोलून राह्यला.’’

‘‘मायची आन.’’

तिने पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत लहानपणीची चमक आली, बोरं चोरायला निघताना यायची ती. ‘‘ह्याच्यात भात पांढरा होईन काय रे?’’

मला तोच प्रश्न सुचला होता, पण विचारायची छाती झाली नव्हती. माय माझं काही ऐकणार नव्हती, नर्सबाईंचंही नाही. पण ताटातला भात ती रोज डोळ्यांनी पारखायची. भात पांढरा झाला तर पिवळ्यातून पिवळं हे माझं बोलणं तिथेच मोडणार होतं.

‘‘उद्याचा भात मीच लावते,’’ बाई म्हणाली. ‘‘पिवळा झाला तं ढोरायले घालू आन दुसरा लावू.’’

‘‘चिन्नोर?’’

‘‘अबे, जीव मोठा का चिन्नोर?’’

गोठ्यातलं पाणी जुनं होतं, ते मला वापरायचं नव्हतं. मी घासलेला माठ घेतला आणि दिवस मावळायच्या आत बोरिंगवर गेलो. काटे सोडवताना दोन्ही हात रक्ताळले. दांडा इतके दिवस बंद, पहिल्या झटक्याला असा किंचाळला की चार घरांची माणसं बाहेर आली.

‘‘कोन होय गा तो? जिवावर उठला काय?’’

‘‘मिलातला होय! यानंच तं सांगतलं होतं, आन हाच भरून राह्यला!’’

‘‘बैलायले नेऊन राह्यलो,’’ मी म्हणालो. आणखी एक खोटं. माठ झाकून मी वाडीत, म्हणजे परसात, लपवला आणि सकाळपर्यंत त्याला हात लावला नाही.

सकाळी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. बंड्यांच्या रांगा, घुंगरांचे आवाज, गुलाल लावलेली बैलांची शिंगं, जिलबीच्या कढया. कोणाची जोडी आली, कोणाची लंगडली, याच्याच गोष्टी. माय पहाटेच विहिरीवरून दोन गुंड भरून आणून ठेवून शेजारणीकडे ताटं मागायला गेली. ती गेली तशी मी माठ आणला. गाळ हलू नये म्हणून मी श्वास धरून, धोतराच्या चार पदरी घडीतून वरवरचं पाणी ओतलं. तळाचं तांबडं माठातच राहिलं. बाईने पातेल्यात आधण ठेवलं आणि चिन्नोर धुऊन त्यात टाकला.

मैदानावरून आरोळी आली, पहिल्या जोड्या सुटल्या होत्या. एरवी मी तिकडे धावलो असतो. त्या दिवशी चुलीजवळून हललो नाही. बाईने झाकण काढलं तेव्हा वाफेने काही दिसेना. तिने उलथन्याने एक शीत काढलं, तळहातावर ठेवलं आणि हात माझ्या नाकाशी आणला.

पांढरं. मोगऱ्याच्या कळीसारखं पांढरं. मैदानावर लोक ओरडत होते आणि मला वाटलं, ते याच्यासाठीच ओरडताहेत. मी बाईला उचलायलाच निघालो होतो. ‘‘अबे, पोटुशी हाये मी!’’ ती ओरडली. मग आम्ही दोघांनी ते शीत अर्धं अर्धं खाल्लं.

दुपारी पंगत बसली. बाईचे सासरे मध्ये, बाजूला जावई, आणखी दोघे-तिघे सोयरे. माय वाढत होती. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. ‘‘ईनबाई, चिन्नोर तं आमच्याकडंबी हाये. पन असा फुलत नाई जी. पानी कोनतं?’’

‘‘आमच्या विहिरीचं,’’ माय म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. ‘‘त्या पान्याची गोष्टच येगळी, इवाईबुवा.’’

दारात उभ्या असलेल्या बाईला राहवलं नाही. ‘‘नाई, माय. तुहे विहिरीचे दोन्ही गुंड तसेच भरून हायेत. भात बोरिंगच्या पान्याचा होय.’’

सासऱ्यांचा घास ताट आणि तोंड यांच्यामध्येच राहिला. एका सोयऱ्याने हळूच ताट पुढे सरकवलं. जावई तिसऱ्यांदा भात घेऊन बसले होते. ते आपली नखं उजेडाकडे करून पाहू लागले.

माय बाईकडे न पाहता माझ्याकडे वळली. ‘‘हे तुहं काम.’’

‘‘माय, पाह्य नं, पांढरा हाये.’’

‘‘तूच म्हनला होता पिवळ्यानं पिवळं होते म्हनून.’’

‘‘म्हनलो होतो. चुकलो होतो. पिवळं तं झालंच नाई नं आता!’’

मी धावत जाऊन माठ आणला आणि पंगतीसमोर ठेवला. तळाशी हात घालून लाल गाळ वर काढला, सगळ्यांना दाखवला. शब्द एकमेकांवर पडत होते. म्हणालो, हा लोखंडाचा गंज आहे, विळ्याला चढतो तोच. रात्रभर ठेवलं की खाली बसतो. भात याने पिवळा होतो, माणूस याने पिवळा होत नाही. कावीळ यात नाहीच.

‘‘मंग कुठी हाये?’’ सासऱ्यांनी विचारलं.

‘‘बोडीच्या पाळीवर! पहाटे सारं गाव लोटा घेऊन बसते तिथी. पानी पडलं का ते सारं विहिरीत. आन आपुन तेच...’’

‘‘अबे, अबे, जेवून राह्यलो नं आमी!’’ सासरे ओरडले आणि स्वतःच हसायला लागले. सगळी पंगत हसली. मला घाम फुटला होता. मी सकाळी गाळून उरलेलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्यासमोर उभ्याउभ्या पिऊन टाकलं. लोखंडाचा वासही फारसा उरला नव्हता.

सासरे माझ्याकडे, मग ताटाकडे पाहत राहिले. मग बोटांनी भाताचा ढीग सारखा केला. ‘‘ईनबाई, आनखी वाढा. आन सुनेले आमच्या हेच पाजा. पोट्टा वेडा हाये, पन हात पाहा त्याचे. काट्यानं सोलून निंघाले.’’

मायने भात वाढला. पाहुणे पट पाहायला गेल्यावर ती चुलीपाशी बसली आणि विहिरीच्या त्या भरलेल्या गुंडांकडे बघत राहिली. मी म्हणालो, ‘‘माय, आता तं पटलं नं?’’

‘‘भाताचं पटलं,’’ ती म्हणाली. ‘‘बोरिंग बसली त्या दिवशी सरपंच काय म्हनला, आठवते तुले? तू नाचत होता. तो म्हनला, आता तुमचं पानी तुमच्या दारात आलं, विहिरीवर यायचं काम नाई राह्यलं. हसून म्हनला. तुह्या बापानं ज्या दोरासाठी डोकं फोडून घेतलं, तो मी ह्या लोखंडाच्या दांड्यासाठी सोडू काय? आज आपुन गेलो नाई, तं उद्या येऊ देतीन काय?’’

पिवळा भात, कावीळ, माझी मस्करी, या सगळ्याच्या खाली हे होतं, आणि मी तिच्या घरात राहून ते पाहिलं नव्हतं. पानठेल्यावर मी तिला एक कारण पुरवलं होतं, तिने ते धरून ठेवलं होतं.

बाई तिच्याजवळ जाऊन बसली. ‘‘सोडू नको तू. रोज जा विहिरीवर. साऱ्यायच्या देखत दोर टाक. पन माय, मले ते पाजू नको. ज्याच्यासाठी बाबानं मार खाल्ला, त्याच पान्यानं त्याचं नातवंड जावं काय?’’

मायने पदराने डोळे पुसले. मग उठली, माठातलं पाणी गाळून बाईच्या पेल्यात ओतलं, आणि ती पिईपर्यंत समोर उभी राहिली. बाईने तोंड वाकडं केलं. ‘‘अजून लागते थोडं लोखंड.’’

‘‘पी मुकाट्यानं,’’ माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बोरिंगवरचे उरलेले काटे काढून जाळले. रोज संध्याकाळी माठ भरायचा, सकाळी गाळायचा. पंगतीतल्या सोयऱ्यांनी गोष्ट गावभर नेली होतीच. पाहायला बाया यायच्या, शीत चिमटीत धरून उजेडात बघायच्या. ज्या घरची सून गेली होती त्यांच्याकडे मात्र मी गेलो नाही. एकदा दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. नर्सबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ही कावीळ अंगात कित्येक आठवडे लपून असते. तू पानठेल्यावर बोललास त्याच्या आधीच तिला लागण झाली असणार.’’ हिशेब बरोबर होता. मी आजही तो मनात मांडतो, उत्तर दर वेळी तेच येतं, आणि तरीही त्या घरासमोरून जाताना माझी मान खाली जाते.

पण त्याच हिशेबाने मला दुसरी धास्ती लावली. बाईही सुरुवातीला विहिरीचं पाणी प्यायली होतीच. म्हणजे अजून कळायचं होतं. ‘‘डोळे दाखव’’ सुरूच राहिलं. पांढरे. पांढरे. आजही पांढरे. होळीच्या सुमारास, भरदुपारी, नर्सबाईंच्या हातून मुलगी झाली. मी मिलमधून अशी सायकल हाणली की चेन दोनदा उतरली. बाईचे डोळे पाहिले. पांढरेशुभ्र. गल्लीत मी जिलबी वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला उजेडात धरलं. ती पिवळी दिसत होती. मी तिला मायकडे देऊन तसाच नर्सबाईंच्या गावाला पळालो. मी धापा टाकतोय हे पाहून त्या हातातलं काम सोडून आल्या. बाळ पाहिलं, दूध पाहिलं, आणि हसू लागल्या. ‘‘अरे, नवी लेकरं बरीचशी होतात अशी थोडी पिवळी. दूध चांगलं पितेय. वाढलं तर बोलाव, नाहीतर उतरेल आपोआप.’’ उतरलं. बाई मला अजून त्यावरून चिडवते.

माय पुढे वर्षानुवर्षं रोज सकाळी विहिरीवर गेली. एकच गुंड भरायची, डोक्यावर घेऊन गावातून यायची, आणि वाडीतल्या पपईच्या मुळाशी ओतायची. ‘‘एवढ्या लांबून आनून झाडाले घालते?’’ मी एकदा म्हणालो. ‘‘झाडाले कावीळ होत नाई,’’ ती म्हणाली.

नंतर तिचे गुडघे गेले. त्या उन्हाळ्यात बाईची लेक सुट्टीत आली होती, चांगली उंच झालेली. मायने तिच्या हातात दोर दिला आणि काठीने सोबत गेली. मी मागे होतो. पोरीने विहिरीच्या काठाशी उभं राहून बादली सोडली, ओढली, गुंड भरला. ऊन चढलं होतं. तिने ओंजळ भरून तोंडाशी नेली.

‘‘थांब व!’’ माय अशी ओरडली की पाळीवरचे बगळे उडाले. ‘‘टाक ते! पपईचं पानी होय ते!’’

पोरीने दचकून ओंजळ सोडली, गुंड डोक्यावर घेतला, आणि आम्ही तिघं गावाच्या मधल्या रस्त्याने, सगळ्यांच्या दारांवरून, घरी आलो.